कंठातील ग्रंथी आणि कुटुंबाचे आरोग्य

एकाच चुलीवरचे, एकाच पंक्तीतील अन्न खाऊन घरातील एक माणूस कृश राहतो, दुसऱ्याचे अंग भरत जाते, तिसऱ्यास भर वैशाखात पायांवर पांघरूण लागते आणि चौथ्यास पौषाच्या पहाटेसही घाम सुटतो, हा अनुभव एकत्र कुटुंबात नांदणाऱ्या कोणासही नवा नाही. ह्या फरकांची मीमांसा घरोघरी आपापल्या परीने चालूच असते. कोणी ‘प्रकृती’ म्हणतो, कोणी वातकफाकडे बोट दाखवितो, आणि कोणी सरळ ‘आळस’ म्हणून मोकळा होतो. हा शेवटचा शब्द बहुधा सुनेच्या वाट्यास येतो. सकाळी उठवत नाही, जिना चढताना धाप लागते, केस मूठमूठ गळतात, कालची गोष्ट आज आठवत नाही, अशी तिची तक्रार असली तर ती ऐकून घेण्याइतकी सवड मोठ्या घरात फारशी कोणास नसते. ती तक्रार खरी असून तिचे मूळ गळ्यातील एका लहानशा ग्रंथीत असण्याचा पुष्कळ संभव आहे, हे आज शास्त्राने निश्चित सांगता येते. त्या ग्रंथीचा विचार आम्ही येथे करणार आहोत. तिचे कार्य स्त्रीपुरुषांत व निरनिराळ्या वयांत कसे निराळे दिसते, आणि तिच्या नावावर खपणाऱ्या समजुतींपैकी खऱ्या किती व खोट्या किती, हे घरातील प्रत्येकाने जाणून घेण्यासारखे आहे.

ग्रंथी व तिचे काम

कंठमण्याच्या किंचित खाली, श्वासनलिकेस बिलगून, पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. इंग्रजीतून आलेले तिचे थायरॉइड हे नाव आता घराघरांत रूढ झाले आहे. मराठी शास्त्रग्रंथ तिला अवटु ग्रंथी म्हणतात. प्रौढ माणसात तिचे वजन पंधरा ते पंचवीस ग्रॅम, म्हणजे फार तर दोन-अडीच तोळे भरेल. परंतु काम मात्र सर्व शरीरास पुरून उरणारे! आपल्या अन्नपाण्यातून आलेले आयोडीन ही ग्रंथी वेचून घेते आणि त्यापासून थायरॉक्झिन नावाचा अंतःस्राव तयार करून रक्तात सोडते. यकृत, मूत्रपिंड वगैरे ठिकाणी थायरॉक्झिनातील आयोडिनाच्या चार अणूंपैकी एक निघून जातो व अधिक प्रभावी असे त्याचे रूप सिद्ध होते. हे रूप पेशीपेशींत जाऊन अन्नाचे ज्वलन किती वेगाने व्हावे, हृदयाने किती ठोके द्यावे, यकृताने रक्तातील स्निग्धांश किती उचलावा, हे ठरविते. ह्या सर्व व्यापारास मिळून आपण चयापचय म्हणतो.

ह्या ग्रंथीवर देखरेख ठेवणारी पिट्युटरी नावाची दुसरी ग्रंथी मेंदूच्या तळाशी असते. रक्तातील थायरॉक्झिन कमी पडू लागले म्हणजे ती टी. एस. एच. नावाचा प्रेरक स्राव वाढविते, आणि अधिक झाले म्हणजे तो आवरते. दक्ष सासू कोठीतील डबा रिकामा होताच दिवाणखान्यात निरोप धाडते, तसाच हा प्रकार होय. म्हणूनच रक्ततपासणीच्या कागदावर टी. एस. एच. चा आकडा वाढलेला दिसला म्हणजे थायरॉइड मंदावली असे समजावयाचे, आणि तो अगदी खाली गेला म्हणजे ती अतिवेगाने चालली असे मानावयाचे. पहिल्याने पाहणारास हे उलटे वाटते, पण त्यातील मर्म वरच्या दृष्टांतावरून ध्यानात येईल.

ज्ञान कसे मिळाले

गलगंडाचे वर्णन आपल्याकडे सुश्रुतसंहितेत आहे. परंतु ही ग्रंथी मंदावली असता सर्व शरीर कसे मंदावते, हे कळावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. लंडन येथील डॉ. गल ह्यांनी १८७३ साली ह्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्यांच्या सर्व रोगी प्रौढ स्त्रिया होत्या, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८९१ साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे डॉ. मरे ह्यांनी अशाच एका शेहेचाळीस वर्षांच्या स्त्रीस मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून पाहिला. जी बाई सुजून, थंड पडून, बोलेनाशी झाली होती ती पुन्हा माणसांत आली आणि पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या! १८९५ साली जर्मनीत माग्नुस-लेव्ही ह्यांनी श्वासावाटे घेतलेला प्राणवायू मोजून दाखविले की, ह्या अर्काने शरीराचे ज्वलन प्रत्यक्ष वाढते. १९१४ च्या नाताळात अमेरिकेतील केंडॉल ह्यांनी शुद्ध थायरॉक्झिन वेगळे काढले, आणि १९२७ साली हॅरिंग्टन व बार्जर ह्यांनी ते प्रयोगशाळेत घडविले. आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गोळीतील थायरॉक्झिन असेच कृत्रिम रीतीने बनविलेले असते. ते प्राण्याच्या ग्रंथीतून काढलेले नसते. ज्या घरांतील वडीलधारी मंडळी ह्या शंकेने गोळी घेण्यास बिचकतात, त्यांस हे अवश्य सांगावे.

स्त्रियांच्याच वाट्यास अधिक का?

हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो, ही केवळ समजूत नव्हे. इंग्लंडातील व्हिकम ह्या भागात १९७२ पासून पुढे दोन हजार सातशेहून अधिक स्त्रीपुरुषांची तपासणी झाली आणि वीस वर्षांनी त्यांचा पुन्हा मागोवा घेण्यात आला. त्यात दर हजार स्त्रियांमागे वर्षास सुमारे साडेतीन जणींची ग्रंथी नव्याने मंदावते, तर पुरुषांत हेच प्रमाण हजारी एकाहूनही कमी पडते, असे दिसून आले. आपल्या देशातही मुंबई व गोवा धरून आठ ठिकाणी पाहणी झाली आणि २०१३ साली ती प्रसिद्ध झाली. तीत तपासलेल्या प्रौढांपैकी शेकडा सुमारे अकरा जणांत ग्रंथी मंद आढळली, आणि येथेही स्त्रियांचाच भरणा मोठा होता.

ह्याचे मुख्य कारण असे की, शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच कधी कधी स्वकीयांस परके समजून ह्या ग्रंथीवर चालून जाते. जपानातील डॉ. हाशिमोतो ह्यांनी १९१२ साली अशा चार रोग्यांचे वर्णन केले. त्या चारही स्त्रियाच होत्या. स्त्रीशरीराची ही संरक्षक यंत्रणा अधिक तिखट असते. गर्भारपण व बाळंतपण ह्या काळांत तिच्यात मोठे चढउतार होतात, आणि त्या उलथापालथीत ग्रंथीवर आघात होण्यास अवसर मिळतो. घरात आई, मावशी किंवा बहीण ह्यांपैकी कोणास हा विकार असल्यास मुलीने तो मनात ठेवावा. मात्र ह्यात लपविण्यासारखे काही नाही. लग्नाच्या बोलण्यात ही गोष्ट दडवून ठेवण्याची व मग सासरी चोरून गोळी घेण्याची जी रीत कोठे कोठे पडली आहे, ती सर्वथा त्याज्य होय. दिवसातून एक गोळी घेऊन स्त्री पूर्ण निरोगी आयुष्य जगते, संसार करते, मुलेबाळे वाढविते.

पुरुषांनी आपण ह्यातून सुटलो असे समजू नये. थायरॉइड अतिवेगाने चालू लागली असता एक चमत्कारिक विकार आशियाई तरुण पुरुषांतच बहुशः आढळतो. रात्री मिष्टान्नाचे भरपेट जेवण किंवा दिवसा फार श्रम झाले म्हणजे पहाटे जाग येते तो पाय लुळे पडलेले असतात! रक्तातील पोटॅशियम पेशींत शिरून बसल्यामुळे हे घडते. घरची मंडळी अर्धांगवायू समजून घाबरतात, परंतु वेळीच रुग्णालयात नेल्यास माणूस बरा होतो, आणि ग्रंथीचा उपचार झाला म्हणजे हे झटके पुन्हा येत नाहीत.

वजन, साखर आणि स्निग्धांश

आता ज्या प्रश्नासाठी बहुतेक वाचक हा लेख उघडतील त्याकडे वळू. अंग सुटले की ‘थायरॉइड असेल’ असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. ह्यात सत्यांश आहे, पण तो लहान आहे. ग्रंथी अजिबात बंद पडली असता स्वस्थ बसलेल्या शरीराचे ज्वलन शेकडा तीस-चाळीसने खाली येते, हे खरे. तथापि त्यामुळे वाढणारे वजन बहुधा दोन ते साडेचार किलोच असते, आणि त्यातीलही बराच भाग चरबी नसून शरीरात साठलेले पाणी व क्षार असतो. भूकही मंदावते हे त्याचे एक कारण. वीस किलो वजन वाढले आणि त्याचा सर्व दोष ह्या फुलपाखरावर टाकला, तर तो अन्याय होय. उलटपक्षी लठ्ठपणामुळेच टी. एस. एच. चा आकडा थोडासा वर चढतो व वजन उतरताच तोही उतरतो, असे पुष्कळदा दिसून येते. अशा वेळी कार्यालाच कारण समजून गोळी सुरू करण्यात हशील नाही.

‘चाळिशी उलटली, आता चयापचय मंदावणारच’ ही दुसरी समजूत. २०२१ साली एकोणतीस देशांतील सहा हजार चारशेहून अधिक माणसांची मोजमापे एकत्र करून प्रसिद्ध करण्यात आली. त्यांत आठ दिवसांच्या अर्भकापासून पंचाण्णव वर्षांच्या वृद्धापर्यंत सर्व वयांचे लोक होते. शरीराचा आकार व मांसल भाग हिशेबात घेतला असता असे दिसले की, एक वर्षाच्या मुलाचे ज्वलन प्रौढाच्या दीडपट असते; ते विसाव्या वर्षापर्यंत उतरत येते, आणि मग विसापासून साठीपर्यंत जवळजवळ स्थिर राहते. साठीनंतर मात्र ते वर्षागणिक थोडे थोडे ओसरते. ह्या हिशेबात स्त्री व पुरुष असा भेदही उरत नाही. तेव्हा चाळिशीतील पोटाचा जाब ग्रंथीस किंवा वयास न विचारता ताटास व आरामखुर्चीस विचारणे अधिक न्याय्य ठरेल.

मग ह्या ग्रंथीचा चयापचयाच्या स्वास्थ्याशी खरा संबंध कोठे येतो? तो वजनाच्या काट्यापेक्षा रक्तात अधिक स्पष्ट दिसतो. थायरॉक्झिन कमी पडले म्हणजे यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल नीट उचलीनासे होते व त्याची पातळी चढते. रक्ताच्या आजच्या तपासण्या नव्हत्या त्या काळी कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरूनच डॉक्टर ग्रंथीचा अंदाज बांधीत. ह्यास्तव कोणाचे कोलेस्टेरॉल अकारण वाढलेले दिसले, तर त्याचे औषध सुरू करण्यापूर्वी एकदा थायरॉइड तपासून घेणे शहाणपणाचे आहे. ग्रंथी मंद असता रक्तवाहिन्या आवळल्या जाऊन रक्तदाबाचा खालचा आकडा वाढतो, व इन्शुलिनास पेशी नीट प्रतिसाद देत नाहीत. ग्रंथी अतिवेगाने चालली तर साखर दुसऱ्या वाटेने वाढते, आणि मधुमेही माणसाचा जमलेला मेळ बिघडतो.

वयोमानाप्रमाणे

नवजात अर्भक : जगात साधारणतः दोन ते चार हजार जन्मांत एखादे मूल ही ग्रंथी नसलेले किंवा अपुरी असलेले जन्मते, आपल्या देशात हे प्रमाण याहून अधिक आहे. असे मूल दिसावयास इतर मुलांसारखेच असते. ‘किती शांत आहे, रडतसुद्धा नाही,’ म्हणून त्याचे कौतुकच होते. परंतु पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू न झाल्यास मेंदूची वाढ खुंटू लागते व गेलेली बुद्धी मागाहून परत येत नाही. टाचेतून काढलेल्या रक्ताच्या काही थेंबांनी ही तपासणी होते. बारशाच्या तयारीत गुंतलेल्या घराने ही एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. ह्या एका तपासणीत एका जन्माचे कल्याण आहे.

वाढते वय : शाळकरी मुलाची उंची एकाएकी थांबली, अभ्यासात लक्ष लागेना, तर छडीपूर्वी डॉक्टर आठवावा. मुलीच्या मासिक पाळीत अनियमितपणा व अतिस्राव असल्यासही तपासणी करणे इष्ट.

गर्भारपण : पहिले काही महिने गर्भास स्वतःचे थायरॉक्झिन पुरेसे बनविता येत नाही, ते तो आईकडून घेतो. म्हणून आधीपासून गोळी चालू असलेल्या स्त्रीस दिवस राहिल्याचे कळताच मात्रा बहुधा पावपट ते निमपट वाढवावी लागते. तिने डॉक्टरांस ताबडतोब कळवावे. डोहाळजेवणापर्यंत थांबू नये. ‘गर्भारपणी औषध नको’ असे सांगून गोळी बंद करविणारी प्रेमळ वडीलमंडळी अजाणता त्या गर्भाचे नुकसान करतात.

बाळंतपणानंतर : शंभरांत सुमारे पाच बाळंतिणींस ह्या ग्रंथीची सूज येते. आधी छातीत धडधड व चिडचिड, पुढे थकवा व खिन्नता असा तिचा क्रम असतो. ‘बाळंतपण अंगावर निघाले’ किंवा ‘माहेरी लाड फार झाले’ असे निदान करून घर मोकळे होते. वस्तुतः एका रक्ततपासणीने ह्याचा उलगडा होतो.

प्रौढ स्त्री : पाळी जाण्याच्या सुमाराची लक्षणे व ह्या विकाराची लक्षणे एकमेकींस इतकी मिळतात की, एकीच्या आड दुसरी सहज दडते. ह्या वयात ग्रंथी अतिवेगाने चालली, किंवा गोळीची मात्रा फार झाली, तर हाडे ठिसूळ होतात व हृदयाची लय बिघडते.

वृद्धावस्था : येथे मात्र उलट बाजूने सावध राहिले पाहिजे. वयाबरोबर टी. एस. एच. चा आकडा स्वभावतःच थोडा चढतो. हॉलंडमधील लायडन येथे पंच्याऐंशी वर्षांच्या वृद्धांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत हा आकडा जास्त असलेले लोक कमी नव्हे, तर अधिक जगले! पुढे २०१७ साली पासष्टीवरील ७३७ माणसांवर झालेल्या प्रयोगात, हा आकडा किंचितच वाढलेल्यांस गोळी देऊन थकवा वगैरे तक्रारींत काहीही फरक पडला नाही, असे आढळले. म्हणजे तीस वर्षांच्या सुनेच्या कागदावर जो आकडा विचार करावयास लावील, तोच ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या कागदावर निर्धास्त मनाने वाचता येईल. छापील चौकटीतील ‘सुमारे ०.४ ते ४’ ही मर्यादा सर्वांस एकच छापलेली असते. ती वाचणाराने समोरचे माणूस पाहून वाचावयाची असते.

अग्नी भडकविण्याचा मोह

थायरॉक्झिनाने ज्वलन वाढते, तर निरोगी माणसाने ते घेऊन वजन किंवा कोलेस्टेरॉल का उतरवू नये, असा तर्क पुष्कळांस सुचतो. शास्त्रज्ञांसही तो सुचला होता. अमेरिकेत १९६६ च्या सुमारास हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आठ हजारांवर पुरुषांवर निरनिराळ्या औषधांचा मोठा प्रयोग सुरू झाला. त्यांपैकी एका गटास थायरॉक्झिनाचाच एक प्रकार देण्यात आला. कोलेस्टेरॉल उतरले खरे. पण त्या गटातील मृत्यू इतरांहून अधिक होऊ लागले आणि ते औषध मध्येच थांबवावे लागले. १९७२ साली ही हकीकत प्रसिद्ध झाली. जाहिरातीतील ‘चरबी जाळणाऱ्या’ गोळ्यांत कधी कधी हाच अंतःस्राव छुपेपणाने मिसळलेला सापडतो, हे ध्यानात असावे. चुलीत लाकडे कमी पडली असतील तर ती घालणे योग्य. परंतु भरल्या चुलीत तेल ओतले तर स्वयंपाक लवकर होत नाही, घर मात्र पेटते.

गृहिणीच्या हातात काय आहे?

पुष्कळच आहे. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही गावांस आयोडिनयुक्त मीठ व काहींस साधे मीठ पुरवून पाहिले. आयोडीन मिळालेल्या गावांत गलगंड झपाट्याने ओसरला. त्याच्याच बळावर १९६२ साली सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. प्रौढ माणसास रोज अवघे दीडशे मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गर्भिणीस अडीचशे. ते आयोडिनयुक्त मिठातून सहज मिळते. उपासास वापरावयाचे सैंधव उपासापुरतेच ठेवावे. रोजच्या आमटीभाजीत तेच वापरल्यास ही गरज भागत नाही. मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीच्या धगीपासून दूर ठेवावे व शक्यतो पदार्थ उतरविताना घालावे. कोबी-फ्लॉवर शिजवून, बेताने खाण्यास हरकत नाही. मिठात आयोडीन आहे म्हणून मीठच अधिक खाणे मात्र रक्तदाबास आमंत्रण होय.

गोळी चालू असल्यास ती सकाळी अनशेपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा निदान अर्ध्या-पाऊण तासाने प्यावा. लोह व कॅल्शियम ह्यांच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्याव्या. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासावे. त्यापूर्वीचा आकडा खरे सांगत नाही. आणि बरे वाटू लागले म्हणून गोळी आपल्या मनाने सोडू नये, कारण बरे वाटते ते तिच्यामुळेच.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट दुकानात मिळत नाही. ती म्हणजे तक्रार ऐकून घेणारे घर. घरचे सर्व उरकून शेवटी पानावर बसणारी स्त्री आपले दुखणे बहुधा सर्वांत शेवटी सांगते. ती थकले म्हणते तेव्हा तिच्या स्वभावाची परीक्षा करण्याऐवजी एकदा रक्ताची परीक्षा करावी. तपासणीत काही निघाले नाही, तर त्या थकव्याची दुसरी कारणे शोधावी : रक्तातील लोह, रात्रीची झोप आणि तिच्या एकटीवर पडलेली कामे. ह्यांतील शेवटच्या कारणास औषधाची चिठ्ठी लागत नाही. कामांची वाटणी घरातील सर्वांनी मिळून केली म्हणजे पुरते.